खाणीच्या रस्त्याचे टायर

आमच्या घरात स्वतःसाठी कुणी काही मागत नाही. सासूबाईंना चहा हवा असला की त्या मला हाक मारून म्हणतात, "अगं, याला चहा हवाय." हा म्हणजे माझा नवरा. तो बिचारा नुकताच चहा पिऊन बसलेला असतो. नवऱ्याला भिंतभर टीव्ही हवा होता, तर तो आईच्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून आला. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, किती प्रेमळ माणसं आहेत, जो तो दुसऱ्याचाच विचार करतोय. हळूहळू डोळे उघडले. दुसऱ्याच्या नावाने मागितलं की नाही म्हणणारा वाईट ठरतो, एवढीच त्यातली गोम. मीही ती रीत शिकले, आणि टायरच्या वेळी तर सगळ्यांच्या वरताण केली असं मला वाटलं होतं.

आमची गाडी म्हणजे छोटी एसयूव्ही. बाहेरून रुबाब मोठा आणि आत बसलं की गुडघे छातीला. पुढची सीट सासूबाईंची. त्यांची कंबर, त्यांचा गुडघा, त्यांना मागे बसलं की मळमळतं, ही सगळी कारणं लग्नाच्या आधीपासून तयार होती. मागे मी, पाण्याच्या बाटल्या, त्यांची कंबरेची उशी आणि वाटेत घेतलेलं सामान. गाडी कुठे जाणार, कुठे थांबणार, केव्हा परत फिरणार हे पुढच्या सीटवरून ठरायचं. घरात गाडी असताना सून बसने फिरते हे बरं दिसत नाही, म्हणून माझी बस बंद झाली होती. मला गाडी शिकवायचं मात्र कुणाच्या नावाने निघालं नाही.

आणि मला एकाच ठिकाणी जायचं असायचं. माझे बाबा दगडाच्या खाणीवर क्रशरचे मेकॅनिक होते. अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. भाऊ त्याच खाणीवर डंपर चालवतो, तिथल्याच क्वार्टरमध्ये तो बाबांना सांभाळतो. डांबरी रस्ता फाट्यापर्यंत. पुढे खडीचा चढ, हाताच्या मुठीएवढे धारदार दगड आणि डंपरने पाडलेल्या चाकोऱ्या. फाटा आला की सासूबाई म्हणायच्या, "याची गाडी खालून घासेल गं. तू ये जाऊन, आम्ही बसतो." मग मी एकटी चढ चढायची. बाबांपाशी टेकते न टेकते तोच खालून हॉर्न. सासूबाई पुढच्या सीटवरून हात लांब करून स्वतः दाबायच्या. खाणीच्या खड्ड्यात आवाज घुमतो. सुरुंग उडवायच्या आधी तिथे भोंगा होत असे आणि सगळी माणसं डोक्यावर हात घेऊन आडोशाला पळत. बाबांचं बाकी सगळं गेलं, ते तेवढं राहिलं. हॉर्न वाजला की त्यांचा धड असलेला डावा हात डोक्यावर जायचा आणि ते खुर्चीत आक्रसून बसायचे. तो हात खाली घेता घेताच दुसरा हॉर्न व्हायचा. मी हे सासूबाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "अगंबाई, हो का?" आणि पुढच्या वेळी जरा जास्त वेळ दाबला.

तर टायर झिजले. कडेला भेगा पडल्या. नवरा कितीतरी दिवस मोबाइलवर चिखलातून गाड्या काढणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत होता, पण मोठे टायर हवेत हे म्हणायला त्याला कुणाचं नाव सापडत नव्हतं. ते मी पुरवलं. म्हटलं, "आईंच्या कंबरेला फार धक्के बसतात हो. ते जाड टायर असतात ना, ऑल-टेरेन का काय, ते धक्का खातात म्हणे." त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याची दया आली. तो लगेच आईकडे गेला.

माझा हिशेब सरळ होता. तसे टायर आले की गाडी घासते हे कारण संपलं. आणि गाडी उंच झाली की सासूबाईंचा गुडघा तिथवर पोचणार नाही. आताच त्या दाराचं हँडल धरून आई गं, आई गं करत चढायच्या. त्या घरी राहतील, मी पुढे बसेन आणि गाडी थेट बाबांच्या दारात जाईल. खोटं कशाला बोलू, मला नुसतं जायचं नव्हतं. उघड्या दारापाशी त्या एक पाय वर करून उभ्या आहेत आणि चढता येत नाही, हे मला डोळे भरून बघायचं होतं.

टायरच्या दुकानात आम्ही तिघंही गेलो. भिंतीवर अलॉय व्हील टांगलेली, खाली छातीएवढ्या टायरच्या थप्प्या, आणि नव्या रबराचा असा वास की जीभ खरखरीत व्हावी. हातांची म्हणून एकच खुर्ची होती, ती सासूबाईंनी घेतली. दुकानदार बोलका होता. चष्मा कपाळावर ठेवून तो सगळ्यांनाच दादा म्हणायचा, मलासुद्धा. नवऱ्याची नजर एका मोठ्या काळ्या व्हीलवर गेली आणि तिथेच चिकटली.

दुकानदाराने मान हलवली. रिम मोठी घेतली की टायरची भिंत बारीक राहते, तो म्हणाला. शहरात मिरवायला ठीक, पण खडीवर गेलात की दगड थेट रिमला लागणार, आणि रिम एकदा वाकली की बसा बोंबलत. तुम्हाला कच्च्या रस्त्याला जायचं असेल तर रिम आहे तेवढीच ठेवा, रबर वाढवा. नवऱ्याचं तोंड उतरलं. मी पुढे होऊन म्हटलं, आईंच्या कंबरेलाही जाड भिंतच बरी, नाही का? मग त्याच मापाची काळी, जाड आऱ्यांची व्हील निघाली आणि नवऱ्याचं समाधान झालं. एक जोडी गाडीच्या अंगाबाहेर फार येणारी होती, ती दुकानदाराने स्वतःच परत ठेवली. दाराला चिखल उडतो आणि बेअरिंग खातं, म्हणाला.

मग टायर. त्याने तीन मांडले. एक रस्त्याचा, गुळगुळीत. एक चिखलाचा, विटांएवढे ठोकळे असलेला, तो या गाडीला झेपणार नाही म्हणाला. मधला ऑल-टेरेन. त्याच्या खाचांमधून त्याने बोट फिरवून दाखवलं. ही खडीवर पकड घेते, पण खडी यात अडकूनही बसते. घरी आलात की ती काढत जा, नाहीतर रबर कापते. आणि आवाज करतात हे टायर, आधीच सांगतो. काच खाली असेल तर बाहेरचा माणूस ओरडला तरी कळायचं नाही. नवरा म्हणाला, "म्हणजे दमदार." आवाज हा दोष आहे हे त्याला पटेचना.

उरला प्रश्न उंचीचा. एक टायर गाडीच्या मूळ मापाचा होता, एक त्याच्याहून वरचा. वरचा घेतला तर स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर आत घासेल, म्हणून स्प्रिंगवर ठोकळे टाकून गाडी उचलावी लागेल. किती उंच होईल, मी विचारलं. दुकानदाराने बोटं दाखवली, दोन टायरची आणि दोन ठोकळ्यांची. नवरा आईकडे बघायला लागला. मीही बघत होते, पण टायरमध्ये बोट घालून, जसं काही मला त्या खाचांचंच पडलंय.

सासूबाई म्हणाल्या, "घे, तुला हवं ते घे. माझं काय, मी चढेन कशीही."

दुकानदार समोरच्याचे पाय बघूनच बोलणारा असावा. त्याने सासूबाईंच्या गुडघ्याचा पट्टा पाहिला आणि आतून एक काळी पट्टी आणली. दाराखाली बसवायची पायरी. यावर पाय ठेवला की मावशी आरामात वर, तो म्हणाला.  मी म्हटलं, खडीवर तीच आधी आपटेल ना? खालून घासेल. वाकली तर दार उघडायची पंचाईत. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की घासेल हा शब्द मी अगदी सासूबाईंच्या आवाजात म्हटला होता.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं सावकाश, पायापासून डोक्यापर्यंत. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती. पायरी नको." इतक्या वर्षांत त्यांनी माझी बाजू घेतलेली मला आठवत नव्हती. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण मला जिंकल्याचा आनंद झाला होता, आणि आनंदात माणसाची अक्कल जाते.

गाडी वर चढवली, जुनी चाकं उतरवली, ठोकळे बसले, नवे टायर बसले. पाचवा स्टेपनीला गेला. फिटरने स्टिअरिंग दोन्हीकडे पुरं वळवून आत टॉर्च मारला, कुठे घासत नव्हतं. टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी गाडी दिसत होती. परत निघताना सासूबाईंना दुकानातल्या स्टुलावर चढवून, एका बाजूने मुलाने आणि दुसऱ्या बाजूने फिटरने धरून आत बसवलं. त्यांच्या आई गं ने सगळं दुकान बघायला लागलं. मागच्या सीटवर मला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं. तसलं स्टूल कुठे मिळतं हे नवऱ्याने विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी त्याला टायरमध्ये हवा किती ठेवायची ते विचारलं, आणि स्टूल राहून गेलं.

घरी आल्यावर मी भावाला फोन केला. खाणीच्या काठावर तो आला तरच फोन लागतो, त्या दिवशी नेमका लागला. म्हटलं, या रविवारी गाडी दारापर्यंत आणते, चालत नाही, हॉर्न नाही, दिवसभर थांबेन. त्याने ते क्वार्टरच्या दारात बसलेल्या बाबांना तिथूनच ओरडून सांगितलं. मग म्हणाला, हसले बघ, अर्ध्या तोंडाने.

रविवारी सकाळी मी पिशवी भरली. बाबांसाठी मऊ कापडाचा, पुढून पूर्ण उघडणारा शर्ट शिवून घेतला होता, एका हाताने घालता येईल असा. सासूबाई बाहेर जायच्या चपला घालून आमच्यासोबत खाली आल्या. गाडीचं दार उघडलं. त्यांनी हँडल धरलं, पाय उचलला, आणि तो तसाच खाली ठेवला. मी जे डोळे भरून बघायचं ठरवलं होतं ते बघितलं. आई गं नाही की काही नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्याच्यानं नाही व्हायचं. तुम्ही दोघं जा. मी राहते एकटी. परवा बाथरूममध्ये तोल गेला होता, पण त्याचं काय, जातोच."

परवाचा तोल आम्हा दोघांनाही नवा होता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं की मला बाबांकडे जायचंय. तीन शब्द. पण ते शब्द त्या घरात कधी कुणी उच्चारलेच नव्हते, आणि माझ्या तोंडाला दुसरीच सवय लागली होती. मी म्हटलं, "छे, आईंना एकटं कसं ठेवायचं? मी थांबते ना." असं म्हटलं की समोरच्याने म्हणायचं असतं, वेडी का तू, चल, शेजारी सांगून जाऊ. हे मला माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं. नवऱ्यालाही माहीत असायला हवं होतं.

तो म्हणाला, "बरं."

आणि त्याने मित्रांना फोन लावला. नवे टायर एकदा कच्च्या रस्त्यावर मोकळे करून घ्यावे लागतात म्हणे. पुढे, जिथे मी बसणार होते, तिथे त्याचा बँकेतला मित्र बसला, मागे दोघं. मी पिशवी खांद्याला तशीच अडकवून जिना चढले. भावाला कळवावं म्हणून फोन लावत राहिले, लागला नाही. नवरा कुठे चाललाय ते मी विचारलंही नाही, इतका मला राग आला होता.

दुपारी मी बाहेरच्या खोलीत गेले तर सासूबाई स्टुलावर उभ्या होत्या. स्वयंपाकघरातलं उंच स्टूल, ज्यावर चढताना मीसुद्धा भिंत धरते. एका हाताने पडद्याची दांडी धरून त्या दुसऱ्या हाताने वरची जळमटं काढत होत्या. गुडघ्याचा पट्टा सोफ्यावर पडला होता. मला बघून त्या दचकल्या नाहीत. उतरण्याची घाईही केली नाही.

"ओलं कापड दे," त्या म्हणाल्या.

मी दिलं. आणखी काय करणार होते? त्यांनी दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसली, कापड माझ्या हातात परत दिलं आणि खाली उतरल्या, दोन्ही पायांवर समान वजन टाकून. मग सोफ्यावर बसून पट्टा बांधला. 

ऊन उतरताना नवरा आला. गाडी पांढऱ्या धुळीने माखलेली. तो इतका खूश होता की जिन्यातूनच बोलायला लागला. खाणीच्या चढावर गेलो होतो, तो म्हणाला. काय पकड आहे, चाक जरा म्हणून घसरलं नाही. तुझ्या बाबांच्या घरावरूनच गेलो. म्हातारा बाहेर खुर्चीत बसला होता, एकदम टापटीप. ओळख द्यायला म्हणून हॉर्न दिला, तर त्याने डोक्यावर हात नेला. मित्रांना वाटलं सलाम ठोकतोय. त्यांनीही ठोकला, तिघांनी मिळून, आणि हसून हसून पुरेवाट झाली.

"थांबला नाहीत?" मी विचारलं.

चढावर थांबलं की जोर जातो, तो म्हणाला. तुझा भाऊ मागून पळत आला, काहीतरी ओरडत होता. टायर फार घरघरतात ना, काही कळलं नाही. आणि सगळ्यात मोठी गंमत तर पुढेच. वर खाणीच्या मागे रस्ता संपतो, तिथून कुठली गाडी म्हणून जात नाही. आम्ही सरळ ओढ्यात उतरलो आणि पलीकडून हायवेला लागलो. जुन्या टायरवर जन्मात जमलं नसतं.

मी म्हटलं, "तिथेच जायचं होतं तर मला का नाही नेलंत?"

तो खरोखर गोंधळला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता, हेच जास्त लागलं. म्हणाला, "तुला जायचं होतं? तू कधी म्हणालीस?"

खरंच होतं. मी आईंची कंबर म्हणाले होते, आईंचे धक्के म्हणाले होते, आईंना एकटं कसं ठेवायचं म्हणाले होते. बाबांचं नाव मी त्या टायरच्या जवळपाससुद्धा फिरकू दिलं नव्हतं.

टायरमध्ये खडी अडकलीय, ती काढून ठेव, तो म्हणाला आणि अंघोळीला गेला. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली चाकापाशी बसले. खाच न् खाच निळसर काळ्या दगडांनी भरलेली होती. लहानपणी याच दगडांवर मी गुडघे फोडून घेतले होते. एकेक तुकडा टोकाने उचकटून काढत होते तेवढ्यात फोन वाजला. भाऊ.

"वर किती वेळ थांबणार आहात गं?" तो म्हणाला. "दाजी हॉर्न देऊन सरळ वर निघून गेले. तू मागे बसली होतीस का? काचा काळ्या, दिसलंच नाही."

 तो बोलतच राहिला. सकाळी बाबांची दाढी केली, बाहेर आणून बसवलं. हॉर्नला घाबरले थोडे, पण नंतर बरे आहेत. आत न्यायला गेलं की हात झटकतात. वर रस्ता बंद आहे हे त्यांना पक्कं माहितीये ना, जन्म गेला तिथे. वर गेलेली गाडी याच दारावरून खाली येणार, म्हणून हलायलाच तयार नाहीत. दुपारी जेवलेपण नाहीत.

"त्यांना आत ने," मी म्हटलं.

"का? तुम्ही यायचे आहात ना?"

"गाडी घरी आलीय रे."

 तो म्हणाला, "घरी कशी येईल? इथून तर गेली नाही."

मी फोन ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हर हातात तसाच घेऊन वर धावले. दोघंही बाहेरच्या खोलीत होते, नवरा डोकं पुसत, सासूबाई सोफ्यावर. मी म्हटलं, "मला बाबांकडे जायचंय. आत्ता. मला." त्या खोलीत असं वाक्य पहिल्यांदाच बोललं गेलं असावं. नवऱ्याचा हात टॉवेलवर थांबला. त्याने आईकडे पाहिलं.

सासूबाईंच्या आवाजात नुसती माया होती. "जा की गं, तुला कुणी अडवलंय? पण हा बिचारा दिवसभर गाडी चालवून आलाय, कंबर धरलीय त्याची. सांगत नाही तो, पण मला दिसतं ना. पुढच्या रविवारी बघू म्हणतोय."

नवरा असं काही म्हणाला नव्हता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि मग हळूच कंबरेवर हात ठेवला.

फोन पुन्हा वाजत होता. भावाचाच होता. तो वाजायचा थांबेपर्यंत मी हातात धरून उभी राहिले. मग खाली गेले, कारण अजून तीन चाकं राहिली होती. दुसऱ्या चाकाचे दगड काढत असताना वरून सासूबाईंनी हाक मारली, अगं, याला चहा हवाय.